दुसरी बाजू पूर्ववत्

आमचं घराणं पोथ्या उतरवून देणाऱ्यांचं. पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत आमच्या दोन खोल्या होत्या. एकीत आम्ही जेवायचो-झोपायचो, दुसरीत वडील आणि मी दिवसभर मांडी घालून बोरू चालवायचो. काशीत छापखाने येऊन पुष्कळ वर्षं झाली होती, पण छापील पोथीवर विश्वास न बसणारे शास्त्रीबुवाही पुष्कळ होते. त्यांच्या जिवावर आमची चूल पेटत होती.

वडिलांचे दोन नियम होते. मुळात जे असेल ते तसंच उतरवायचं. समोर ढळढळीत चूक दिसली तरी पदरचं अक्षर घालायचं नाही. आणि जो मजकूर मागे जसाच्या तसा येऊन गेला, तो पुन्हा लिहीत बसायचं नाही. पहिले दोन शब्द लिहायचे, पुढे 'पूर्ववत्' म्हणायचं आणि सरकायचं. कागद वाचतो, शाई वाचते, मानही वाचते. पोथी संपली की सगळेच नकलनवीस लिहितात तसं आम्हीही शेवटी लिहायचो, की जसं पाहिलं तसं लिहिलं, चुकलं असल्यास मला दोष देऊ नये. हे वाक्य माझ्या हाताला इतकं बसलं होतं की लिहिताना मी खिडकीबाहेर बघत असायचो.

माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, या सगळ्याला कंटाळून रेल्वेत गेला. मालगाडीचा गार्ड झाला. वडिलांनी वर्षभर त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. पण वहिनी दर एकादशीला येऊन त्यांच्या पाया पडायची, आणि दादा कंपनीचा कोट घालून गल्लीत शिरला की शेजारचे ओट्यावरून उठून उभे राहायचे. हळूहळू वडिलांचा राग निवळला. आईमागं मला त्यानंच सांभाळलं होतं. मला तो वडिलांपेक्षा जवळचा होता, हे आज लिहिताना हात अडखळतो.

मला वेड लागलं ते त्याच्यामुळेच. माझं वेड जरा चमत्कारिक होतं. इंजिनाकडे सगळेच बघतात, तो वरातीतला नवरदेव. माझा जीव मागच्या वऱ्हाडावर. मालाचा डबा, ज्याला दादा आणि मी वाघीण म्हणायचो, तो मला पोथीसारखा वाचता यायचा. वरवर बघणाऱ्याला सगळ्या वाघिणी सारख्या दिसतात. पण एकीच्या फळ्या सात, दुसरीच्या पाच. एकीचं दार खाली पडणारं, दुसरीचं दुभंगून उघडणारं. कुणाच्या कोपऱ्याला लोखंडी पट्टी गोल वळवलेली, कुणाची काटकोनात ठोकलेली. चाकांवरच्या स्प्रिंगच्या पोलादी पात्यांचा थर कुठं जाड, कुठं पातळ. राजघाटच्या पुलाजवळच्या मालधक्क्यावर दादाची पाळी असली की मी बोरू खाली ठेवून तिकडे जायचो, वाघिणींसमोर उभा राहून वहीत चित्रं काढायचो, मापं लिहायचो. मग घरी येऊन त्यांच्या लहान प्रती करायचो.

त्यासाठी खेळणीवाल्यांकडून हलकं पांढरं लाकूड आणायचं. दर फुटाला अर्धा इंच, हे माझं माप. पुरी वाघीण वीतभर व्हायची. रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून लोखंडी पट्ट्या करायच्या, आणि पत्र्याच्या मागून बोथट सुईनं दाबलं की पुढे रिबिटांचे फोड उमटायचे. रिबिटं मी मोजून उमटवायचो. नंबर घालायला आमचा बोरूच, आणि धूळ म्हणून चुनारच्या दगडाची पूड. एखादी फळी बदललेली असेल तर तीही नव्या रंगाचीच दाखवायची. वडील म्हणायचे, लोक देव घडवतात आणि आमचे चिरंजीव मालडबे. पण माझ्या हाताची अचूकता त्यांना मनातून आवडायची, कारण ती त्यांच्याच तालमीतली होती.

तो उन्हाळा मला आठवावासा वाटत नाही, आणि दुसरं काही आठवतही नाही.

मालधक्क्यावरची एक रूळवाट जराशी उतरती होती. तिथं दगड भरलेली एक जुनी वाघीण एकटीच उभी होती. हमालांनी ती धक्क्याला नीट लावायला तिच्या ब्रेकचा दांडा वर उचलला होता, आणि चाकाखाली नुसता लाकडाचा तुकडा सरकवून ते पाणी प्यायला गेले होते. दादा तिथं पोचला तेव्हा तो तुकडा सटकला आणि वाघीण चालायला लागली. दादा तिच्या बरोबरीनं धावला. ओरडला, हाताला येतील ते दगड चाकाखाली टाकले. खाली उतारावर रूळ बदलणारा सांधेवाला सांध्याचा खटका साफ करत वाकून बसला होता. शेजारच्या रुळावरून गाडी येत होती, तिच्या आवाजात त्याला काही ऐकू गेलं नाही. तो जागच्या जागी गेला. वाघीण पुढे जाऊन टोकाच्या अडसरावर आपटली आणि तिच्या फळ्यांचा चुरा झाला.

धावणाऱ्या दादाला दहा जणांनी पाहिलं होतं, आणि तेच त्याच्या मुळावर आलं. चौकशीला बसलेल्या गोऱ्या साहेबाचं म्हणणं सरळ होतं. गार्ड वाघिणीच्या शेजारून एवढा वेळ धावला, तर हात घालून ब्रेकचा दांडा खाली का दाबला नाही? घाबरला, हातपाय गळाले, आणि त्याच्या भित्रेपणानं माणूस मेला. दादाचं उत्तरही सरळ होतं. मी ज्या बाजूनं धावलो त्या बाजूला दांडाच नव्हता. जुन्या घडणीच्या त्या वाघिणींना ब्रेक एकाच अंगाला असायचा, आणि त्या अंगाला शेजारच्या रुळावरची गाडी येत होती, माणूस उभा राहायला जागा नव्हती.

साहेब विलायतेहून येऊन दोन वर्षं झालेला. त्यानं पाहिलेल्या साऱ्या वाघिणींना दोन्हीकडे दांडे होते. मोडक्या वाघिणीचं लोखंड तोवर भंगारात गेलं होतं. त्या घडणीची दुसरी वाघीण आसपास कुणाच्या पाहण्यात उरली नव्हती, आणि तिचे कागद दुसऱ्या मुलखातल्या कचेरीत. चौकशी संपेपर्यंत दादाला कामावरून घरी बसवलं. गुन्हा शाबीत झाला तर नोकरी जाणार, रेल्वेचं घर जाणार, आणि माणूस मारल्याचा डाग जन्माचा लागणार. सांधेवाल्याची बायको रोज कचेरीच्या दाराशी येऊन बसायची. दादा आत-बाहेर करताना ती पदर तोंडावर ओढून भिंतीकडे वळायची, असं वहिनीनं मला सांगितलं.

आणि मग दादालाच ते सुचलं. भर दुपारी आला, कोट नव्हता अंगात, आणि म्हणाला की तुझ्या वहीत त्या घडणीची वाघीण आहे, मला आठवतंय. तिची हुबेहूब प्रत कर. मी साहेबाच्या टेबलावर ठेवतो आणि दाखवतो की हे बघा, या बाजूला काही नाही. कचेरीतल्या हेडक्लार्कनं साहेबाला तयारही केलं होतं. नऊ दिवस हातात होते. दादाच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी रंग आला होता. वडिलांनी पोथी मिटली आणि मला म्हणाले की बाकीचं सगळं बाजूला ठेव.

वहीत ती वाघीण होती. सात वर्षांपूर्वीची तारीख होती, पाच फळ्या, खाली पडणारं दार, गोल वळवलेली पट्टी. दांडा होता, त्याला अडकवायची दातेरी पट्टी होती, चाकांना दाबणारे लाकडी गुटके होते. एक बाजू अशी काढली होती की मलाच माझं कौतुक वाटलं. त्याखाली माझ्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'दुसरी बाजू पूर्ववत्'.

पहिले तीन दिवस मी ती ओळ बघितली नाही असं केलं. एक बाजू घडवली, आस बसवले, पाती एकावर एक चढवली. चौथ्या दिवशी वाघीण फिरवून दुसरी बाजू समोर घेतली आणि हात थांबला. वही म्हणत होती, दोन्ही बाजू सारख्या. दादा म्हणत होता, इकडे काही नाही. मी काय करायचं?

आज कुणीही म्हणेल, भावाच्या गळ्याशी आलंय, वहीला काय चाटायचंय? पण मी माझ्या बापाचा मुलगा होतो. सात वर्षांपूर्वी मी समोर उभा राहून लिहिलेलं खरं, की आज गळ्याशी आलेला माणूस आठवतोय ते खरं? माणूस अडचणीत सापडला की त्याला सोयीचं तेच आठवतं, असं मला वाटलं. हो, मला माझ्या भावाबद्दल असं वाटलं. वडिलांना विचारलं तर ते डोळे मिटून म्हणाले की मूळ बदलायचं नाही, मग ते कुणासाठीही असो. त्यांना वाटलं मी पोथीबद्दल विचारतोय की काय, कोण जाणे. मला हवं ते उत्तर मिळालं होतं.

संध्याकाळी दादा आला. दुसऱ्या बाजूला दांड्यासाठी मी भोकं पाडलेली त्यानं पाहिली. ओरडला नाही. माझ्यासमोर उकिडवा बसला.

"हे कशाला?" त्यानं विचारलं.

"वहीत आहे."

"वहीत तू लिहिलंस म्हणून आहे. सच सांग, त्या तरफेला, पलीकडे, तू गेला होतास?"

"गेलो होतो," मी म्हणालो. "मी न बघता लिहीत नाही."

तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, खोटं पकडलं गेलं म्हणून बघतोय. मग उठला, वडिलांना नमस्कार केला आणि पायऱ्या उतरून गेला. जाताना एवढंच म्हणाला की वाघीण वेळेवर आण, हेडक्लार्कला जबान दिलीय. मी दुसरा दांडा बसवला. त्याचेही दाते कानशीनं कोरले, आठच्या आठ. इतकं सुबक काम मी आयुष्यात दुसरं केलं नाही.

चौकशीच्या दिवशी मी ती वाघीण पोथीच्या लाल फडक्यात बांधून स्टेशनात नेली. आशा सुटली नव्हती माझी, हे खरंच सांगतो. मला वाटत होतं की साहेब प्रतीची अचूकता बघेल, आमचं घराणं किती काटेकोर ते त्याला कळेल, आणि त्याचं मन द्रवेल. माणूस स्वतःच्या हुशारीवर खूश असला की किती मूर्ख होतो! साहेबानं फडकं सोडलं आणि खरंच खूश झाला. बोटानं रिबिटं चाचपली. दार खाली पाडून बघितलं. मग वाघीण फिरवली, दुसऱ्या बाजूचा दांडा करंगळीनं खाली दाबला, आणि तो दात्यांत टक् करून बसला.

साहेबानं दादाकडे बघितलं.

हेडक्लार्कनं हिंदीतून मला विचारलं की दोन्ही बाजू तुम्ही आपल्या डोळ्यांनी बघून चित्र काढलं होतं का. मी हो म्हणालो. त्यानं ते लिहून घेतलं आणि माझी सही घेतली. दादाला विचारलं, काही सांगायचंय? दादा खाली बघत उभा होता. मान हलवून नाही म्हणाला. मला तेव्हा वाटलं, बोलायला तोंडच उरलं नाही त्याला. माझा मलाच अभिमान वाटला, आणि रडूही येत होतं.

दादाची नोकरी गेली. साहेबानं फौजदारी केली नाही, ती मेहेरबानी समजायची. रेल्वेचं घर सोडून दादा-वहिनी आमच्या पोथ्यांच्या खोलीत आले. गार्डाचा कोट परत करावा लागला. पोट भरायला त्यानं दक्षिणेकडून येणारी यात्रा धरायचं काम पत्करलं. ज्या स्टेशनात तो हिरवं निशाण दाखवायचा, त्याच्याच दाराबाहेर उभं राहायचं, उतरणाऱ्या लोकांत मराठी बोलणं कानावर आलं की पुढे व्हायचं, त्यांची गाठोडी उचलायची आणि त्यांना अहिल्याबाई घाटावर यात्रेकरू उतरत त्या घरी पोचवायचं. जुने सोबती दिसले की तो खांबाआड व्हायचा. घरी तो माझ्याशी नेहमीसारखा बोलायचा. भाजीत मीठ कमी आहे, वडिलांना आज ऐकू कमी येतंय, असलं. मी मात्र त्याच्याशी मोठेपणानं वागायचो. क्षमा केल्यासारखा.

पावसाळा सरल्यावर एका शास्त्रीबुवांची पोथी पोचवायला मी मोगलसरायला गेलो. परतीच्या गाडीला वेळ होता, म्हणून सवयीनं यार्डाच्या कडेला गेलो. गंजक्या, गवत वाढलेल्या रुळांवर एक जुनी वाघीण टाकून दिलेली होती. तिच्यात कोळशाची पोती ठेवायचे. पाच फळ्या, खाली पडणारं दार, गोल वळवलेली पट्टी. मी धावतच गेलो. दांडा होता, दातेरी पट्टी होती, गुटके होते. माझ्या वहीतलं पान जसंच्या तसं समोर उभं. आनंद झाला मला! मग मी बफरांना वळसा घालून पलीकडे गेलो.

पलीकडे काही नव्हतं. दांडा नव्हता, पट्टी नव्हती, चाकांना गुटकेदेखील नव्हते. नुसतं सपाट लोखंड आणि त्यावर चढलेली वेल. पूर्वी काही असून काढून टाकलं असेल म्हणून मी हातानं चाचपून बघितलं. एकही भोक नव्हतं. तिथं कधीच काही बसवलेलं नव्हतं.

मी गवतात बसलो आणि सात वर्षांपूर्वीची दुपार नाकातून वर आली. वासच आला आधी. राजघाटला त्या रुळाच्या पलीकडच्या धक्क्यावर कच्ची चामडी चढवायचे. त्या दिवशी मी घाटावर स्नान करून, उपरण्यात पोथी घेऊन गेलो होतो. चामड्यांच्या बाजूला जायचं म्हणजे विटाळ, पुन्हा स्नान, पोथीही बाटली. कोण जातो? मी अलीकडेच नाकाला उपरणं लावून उभा राहिलो, एक बाजू मन लावून काढली, आणि खाली लिहिलं 'पूर्ववत्'. जे पाहिलं नाही ते लिहिलं, आणि सात वर्षांत तेच पाहिलेलं झालं. तिथं काम करणारे लोक रोज ती रिकामी बाजू बघत होते. त्यांच्यातल्या कुणालाही विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं. मी कुणाला विचारलं नाही, आणि साहेबानंही नाही.

दुसऱ्या दिवशी कचेरीत गेलो. साहेबाची बदली झाली होती. हेडक्लार्कनं माझं सगळं ऐकून घेतलं, मग कागद बांधून वर गेल्याचं सांगितलं. म्हणाला की तुमची सही आहे खाली, आता तुम्ही स्वतःलाच खोटं म्हणणार का, आणि म्हटलंत तरी ऐकणारं कोण बसलंय इथं? मी त्याचे पाय धरायचेच बाकी ठेवले. त्यानं माझ्यासाठी पाणी मागवलं आणि दुसऱ्या कामाला लागला.

घरी येऊन मी वाघिणीचा दुसरा दांडा उपटून काढला. गुटके काढले. भोकं राहिली. ती घेऊन घाटावर गेलो. दादा यात्रा पोचवून आला होता आणि पंचगंगेच्या पायऱ्यांवर पाय पाण्यात सोडून बसला होता. मी शेजारी बसलो आणि सगळं सांगितलं, मोगलसरायचं, चामड्यांचं, उपरण्याचं. केसानं गळा कापला मी तुझा, म्हणालो. तो पाण्याकडे बघत ऐकत होता.

"मला मालूम होतं," तो म्हणाला.

"काय?"

"तू गेला नव्हतास ते. मीच होतो ना त्या दिवशी पलीकडे, चामड्यांचा माल चढवून घेत. तुला हाक मारली, इकडूनही बघ म्हणून. तू अलीकडून हात हलवलास."

मला ते आठवलं. त्याचा हात वर झालेला, मधे वाघीण, आणि तिच्या खालून दिसणारे त्याचे बूट.

"मग तिथं साहेबासमोर का नाही बोललास?"

त्यानं पाण्यातले पाय वर घेतले.

"तुला चार दिवस दिले होते ना, घरी विचारून. वाटलं, तुझं तुला आठवेल. तिथं तू सही करून बसलास. मग मी तुला झूठा म्हणायचं? मला तर ते आधीच म्हणत होते. तुझ्या हातच्या नकलेवरचा लोकांचा भरोसा गेला असता तर बाबांनी या वयात काय खाल्लं असतं?"

मी वाघीण मांडीवर धरून रडायला लागलो. लोक स्नानाला उतरत होते, बघत होते, पण माझ्यानं थांबवेना. दादानं माझ्या पाठीवर हात ठेवला नाही, आणि ठेवावा असा माझा हक्कही नव्हता. तेवढ्यात राजघाटच्या पुलावर मालगाडी चढली. दादाची मान आपोआप वर झाली, ओठ हलायला लागले. शेवटचा गार्डाचा डबा पुलावरून पार होईपर्यंत तो वाघिणी मोजत राहिला.